पहिली संगणकभाषा कोणती?
सुलभतेचा एक तौलनिक अभ्यास

संगणक हे यंत्र स्वतःहून काहीही करीत नाही. त्याच्याकडून जे काम करून घ्यावयाचे, ते त्याला पायरीपायरीने, कोणतीही संदिग्धता न ठेवता आणि त्याला उमगेल अशा भाषेत सांगावे लागते. अशा क्रमबद्ध आज्ञांच्या समूहास आज्ञावली म्हणतात आणि ज्या भाषेत ती लिहावयाची, तिला संगणकभाषा म्हणतात. अशा भाषा आज शेकड्यांनी मोजाव्या लागतील. ज्याला त्याला आपली भाषा उत्तम वाटते. बहुधा जी प्रथम शिकली, तीच आवडती ठरते. परंतु आवड निराळी आणि सुलभता निराळी. शाळेतील मुलांना पहिली संगणकभाषा कोणती शिकवावी, हा प्रश्न कोणाच्या आवडीनिवडीवर सोपवून चालणार नाही. प्रस्तुत लेखात एकच लहानसे उदाहरण घेऊन बेसिक, सी, स्क्रॅच व पायथन या चार भाषांची सुलभतेच्या दृष्टीने तुलना केली आहे.

प्रश्नाचे गांभीर्य

पेडणे हा गोव्याच्या उत्तर टोकाचा तालुका. त्यातील कोरगाव हे शेती-बागायतीचे गाव. येथील मूल घरी कोंकणी बोली बोलते, प्राथमिक शाळेत बहुधा मराठीतून शिकते आणि पाचवीपासून गोव्यातील बहुतेक शाळांप्रमाणे त्याचे शिक्षण इंग्रजी माध्यमातून सुरू होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिकपूर्व टप्प्यावर आज्ञावली-लेखनाचे उपक्रम घ्यावेत असे सुचविले. गोवा शासनाने २०२१ साली सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी कोडिंग व रोबोटिक्स शिक्षणाची योजना हाती घेतली. म्हणजे, शिक्षणाचे माध्यम बदलून जेमतेम एक वर्ष लोटते न लोटते तोच या मुलापुढे संगणकभाषा येऊन उभी राहते.

अकरा-बारा वर्षांच्या वयात एखादा विषय प्रथमदर्शनीच अगम्य वाटला, तर 'हा आपला प्रांत नव्हे' असे मूल मनाशी ठरवून टाकते आणि पुढे ती समजूत सहसा दूर होत नाही. पेडणे तालुक्यात मोपा येथील विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून वाहतूक सुरू झाली आहे. अशा ठिकाणी निर्माण होणाऱ्या कामांपैकी कोणती कामे गावच्या मुलांच्या वाट्याला येतील, हे काही अंशी त्यांच्या शाळेतील या पहिल्या अनुभवावर अवलंबून राहील. म्हणून पहिल्या भाषेची निवड ही केवळ तांत्रिक बाब मानता येणार नाही.

भाषा सोप्या कशा होत गेल्या

प्रारंभीच्या संगणकांना यंत्रभाषेतच, म्हणजे केवळ आकड्यांच्या सांकेतिक रूपात आज्ञा द्याव्या लागत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेला 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. अशा यंत्रावर काम करणाऱ्यास गणिताबरोबर यंत्राची अंतर्गत रचनाही जाणून घ्यावी लागे. हा भार हलका करण्यासाठी माणसाच्या भाषेच्या जवळ जाणाऱ्या संगणकभाषा निर्माण झाल्या. १९५७ साली शास्त्रीय गणनेसाठी फोरट्रान आली; १९६० च्या सुमारास व्यापारी व कचेरीच्या हिशेबांसाठी कोबोल आली.

या दोन्ही भाषा जाणकारांसाठी होत्या. विज्ञानाचा अभ्यासक्रम न घेतलेल्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा, या हेतूने अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी व थॉमस कर्ट्झ या प्राध्यापकांनी १९६४ साली बेसिक ही भाषा तयार केली. १९६७ साली सिमूर पॅपर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी खास मुलांसाठी लोगो ही भाषा सिद्ध केली. १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी सी ही भाषा घडविली. पण ती संगणकाची मूलभूत कार्यप्रणाली लिहिण्यासाठी, नवशिक्यांसाठी नव्हे. गीडो व्हान रॉसम यांची पायथन १९९१ साली प्रसिद्ध झाली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत तयार झालेली स्क्रॅच २००७ साली सर्वांसाठी खुली झाली.

भारतीय शाळांशी बेसिकचा संबंध जुना आहे. केंद्र शासनाने १९८४-८५ मध्ये शाळांसाठी संगणक साक्षरतेचा जो प्रकल्प सुरू केला, त्यात 'बीबीसी मायक्रो' नावाचे संगणक देण्यात आले होते. त्यांतील अंगभूत भाषा बेसिकच होती. आज पन्नाशीच्या आसपास असलेल्या अनेकांची पहिली संगणकभाषा बेसिक असण्याचे कारण हेच.

तुलनेसाठी एक उदाहरण

काजूच्या हंगामात एका बागायतदाराने पाच दिवस काजूच्या बिया विकल्या असे समजू. त्यांचे वजन अनुक्रमे १२, १५, ९, १६ व १० किलो भरले. एकूण वजन किती व रोजची सरासरी किती, हे संगणकाकडून काढून घ्यावयाचे आहे. कोणत्याही संगणकभाषेकडे वळण्यापूर्वी ही कृती साध्या मराठीत लिहून काढावी:

१. बेरीज शून्य माना.
२. पुढील दोन कृती पाच वेळा करा: एका दिवसाचे वजन विचारा; ते बेरजेत मिळवा.
३. बेरजेला पाचाने भागा. येणाऱ्या भागाकारास सरासरी म्हणा.
४. बेरीज व सरासरी दाखवा.

उत्तर ६२ किलो व १२.४ किलो असे आले पाहिजे. वरील चार पायऱ्या हाच आज्ञावलीचा गाभा होय. भाषा कोणतीही घेतली तरी तो बदलत नाही. आता या गाभ्याला चार भाषांत कोणते रूप येते ते पाहू. (आज्ञांचे शब्द येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत; प्रत्यक्षात ते रोमन लिपीत टंकावे लागतात.)

पहिली कसोटी : लिहिण्याची सोय

जुन्या बेसिकमध्ये प्रत्येक ओळीला १०, २०, ३० असे क्रमांक द्यावे लागत. वजन विचारण्यासाठी 'इनपुट', उत्तर दाखविण्यासाठी 'प्रिंट' आणि पुनरावृत्तीसाठी 'फॉर' व 'नेक्स्ट' एवढे शब्द पुरत. मांडणी सरळ, वाचण्यास सोपी.

सीमध्ये प्रत्यक्ष कामाला हात घालण्यापूर्वीच काही औपचारिक ओळी लिहाव्या लागतात. कोणता चल पूर्णांकाचा व कोणता दशांश अपूर्णांकाचा, हे आधी घोषित करावे लागते. प्रत्येक विधानानंतर अर्धविराम द्यावा लागतो, महिरपी कंसांच्या जोड्या जुळवाव्या लागतात आणि वजन वाचून घेताना चलाच्या नावाआधी पत्त्याचे चिन्ह द्यावे लागते. हे चिन्ह विसरल्यास आज्ञावली मध्येच बंद पडण्याचा संभव असतो. नवशिक्याचे अर्धे लक्ष हिशेबाऐवजी विरामचिन्हांकडेच राहते.

स्क्रॅचमध्ये टंकावयाचे जवळजवळ काहीच नसते. प्रत्येक आज्ञा म्हणजे एक रंगीत ठोकळा. तो ओढून दुसऱ्या ठोकळ्यात बसवावयाचा. जे ठोकळे एकमेकांत बसूच शकत नाहीत, त्यांची चुकीची रचनाही होऊ शकत नाही. त्यामुळे मांडणीचे दोष मुळातच टळतात.

पायथनमध्ये ओळक्रमांक, अर्धविराम किंवा महिरपी कंस यांची गरज नाही; चलाचा प्रकारही घोषित करावा लागत नाही. पाच वेळा करावयाच्या ओळी थोड्या आत सरकवून लिहिल्या म्हणजे झाले. मात्र हे आत सरकविणे केवळ शोभेसाठी नाही. त्यावर अर्थ अवलंबून असतो. सरासरीची ओळ चुकून आत गेली, तर भागाकार एकदा होण्याऐवजी पाच वेळा होईल.

दुसरी कसोटी : विसराळूपणाला उत्तर

विद्यार्थी पहिली पायरीच विसरला, म्हणजे बेरीज शून्य मानली नाही, तर काय होते? भाषांचा खरा स्वभाव येथे उघड होतो.

डॉस प्रणालीच्या संगणकांबरोबर येणारी जीडब्ल्यू-बेसिक न सांगताच बेरीज शून्य धरते आणि बरोबर उत्तर देते. चूक झाली होती, हे विद्यार्थ्याला कळतच नाही.   सीमध्ये अशा चलात कोणती संख्या असेल याची शाश्वती नसते. उत्तर कधी बरोबर, तर कधी भलतेच येते. स्क्रॅचमध्ये मागील खेपेची बेरीज चलात तशीच राहते. पहिल्या वेळी ६२ आलेले उत्तर दुसऱ्या वेळी १२४ येते, आणि सरासरी २४.८! पायथन मात्र त्या ओळीशी थांबते व अमुक नाव परिभाषित नाही असा संदेश देते.

तिसरी कसोटी : नावातील चूक

समजा, चलाचे नाव लिहिताना एक अक्षर चुकले. जीडब्ल्यू-बेसिक चुकीच्या नावाचा नवाच चल तयार करून त्याची किंमत शून्य मानते. उत्तर चुकते आणि कारण सापडत नाही. सी ही आज्ञावली चालविण्यास आरंभीच नकार देते, ही तिची जमेची बाजू होय. स्क्रॅचमध्ये नाव यादीतून निवडावयाचे असल्याने ही चूक संभवतच नाही. पायथन ओळक्रमांकासह दोष दाखविते. २०२१ साली निघालेल्या आवृत्तीपासून तर 'तुम्हांला अमुक नाव अभिप्रेत होते काय?' अशी विचारणाही करते. चुकलेल्या विद्यार्थ्याला केवळ अनुत्तीर्ण न करता चुकीची जागा दाखविणाऱ्या शिक्षकाशी हिची तुलना करता येईल.

चौथी कसोटी : हिशेबाचा खरेपणा

या कसोटीत शेतकऱ्याच्या पैशाचाच प्रश्न आहे. ६२ ला ५ ने भागल्यास १२.४ येतात. बेसिक, स्क्रॅच व सध्याची पायथन हेच उत्तर देतात. परंतु सीमध्ये दोन्ही संख्या पूर्णांक म्हणून घोषित केल्या असतील, तर भागाकारही पूर्णांकच होतो आणि उत्तर १२ येते. अपूर्णांकाचा भाग गळून पडतो, तोही कोणतीही सूचना न देता. समजा, या सरासरीवरून कोणी पाच दिवसांचा हिशेब पुन्हा मांडला, तर ६२ ऐवजी ६० किलो भरतील. दर किलोला १०० रुपये धरल्यास बागायतदाराचे २०० रुपये गेले. यंत्राने सांगितले म्हणून हिशेब खरा, असे मानणे किती धोक्याचे आहे, हे यावरून ध्यानात येईल.

पायथनही या बाबतीत सर्वस्वी निर्धोक नाही. वापरणाऱ्याने टंकलेले १२ व १५ ती प्रथम अक्षरे म्हणून स्वीकारते. त्यांचे संख्येत रूपांतर न करता ती एकमेकांत मिळविल्यास उत्तर २७ न येता १२१५ असे येते, कारण अक्षरांची बेरीज म्हणजे अक्षरे शेजारी शेजारी ठेवणे. सोप्या म्हणविल्या जाणाऱ्या भाषेतही शिकविण्याचे काम शिल्लक राहते ते असे.

मराठी विद्यार्थ्याची अडचण नेमकी कोठे?

संगणकभाषेतील शब्द इंग्रजी असतात, म्हणून मराठीतून शिकलेल्या मुलांना ती अवघड जाते, असा एक समज आहे. तो अंशतःच खरा आहे. सीच्या मूळ प्रमाणित रूपात राखीव शब्द अवघे ३२ होते. आजच्या पायथनमध्ये ते ३५ आहेत. एका व्यंजनाच्या बाराखडीत बारा अक्षरे धरली, तर तीन व्यंजनांच्या बाराखड्यांत ३६ अक्षरे होतात. ज्या मुलाने संपूर्ण बाराखडी आत्मसात केली, त्याला ३५ शब्द जड जाण्याचे कारण नाही. 'इफ' म्हणजे जर, 'एल्स' म्हणजे नाहीतर, 'व्हाइल' म्हणजे जोपर्यंत, एवढे कळले की ते शब्द चिन्हांप्रमाणे वापरता येतात.

खरी अडचण दोन ठिकाणी आहे. एक, पाठ्यपुस्तकातील स्पष्टीकरण व उदाहरणे परक्या भाषेत आणि परक्या जीवनातील असतात. दोन, चूक झाल्यावर येणारा संदेश इंग्रजीत असतो आणि तो वाचण्याऐवजी मूल घाबरून सर्व आज्ञावली पुसून टाकते. या दोन्ही अडचणींवर उपाय शिक्षकाच्या हाती आहे.

या संदर्भात पायथनची एक सोय फारशी परिचित नाही. २००८ साली आलेल्या तिच्या तिसऱ्या आवृत्तीपासून चलांची नावे देवनागरीत लिहिता येतात. 'बेरीज', 'वजन', 'सरासरी' ही नावे जशीच्या तशी चालतात. इतकेच नव्हे, तर वापरणाऱ्याने देवनागरी अंकांत १२ असे टंकले, तरी त्याचे संख्येत रूपांतर होते. मात्र आज्ञावलीच्या मजकुरातच लिहावयाच्या संख्या इंग्रजी अंकांत द्याव्या लागतात आणि राखीव शब्द रोमन लिपीतच राहतात. स्क्रॅचमधील ठोकळ्यांवरील शब्दही जगातील अनेक भाषांत बदलून घेता येतात. मोठेपणी व्यवसायात इंग्रजी नावेच वापरावी लागतील, हे खरे. परंतु पहिल्या काही महिन्यांत नाव वाचताच अर्थ कळणे हा मोठाच आधार होय.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसेल की, सुलभता ही केवळ कमी टंकण्यात नाही. चूक झाली असता भाषा ती लपविते की दाखविते, आणि दाखवीत असल्यास शिकणाऱ्याला कळेल अशा रीतीने दाखविते की नाही, यावर खरी सुलभता अवलंबून असते. या दृष्टीने पुढील क्रम इष्ट वाटतो.

सहावीत, टंकनाचा सराव नसताना, स्क्रॅचने आरंभ करावा. क्रम, पुनरावृत्ती व अट या तीन कल्पना तिच्याद्वारे डोळ्यांना दिसतात. सातवीच्या अखेरीस किंवा आठवीत, मूल सफाईने टंकू लागल्यावर, पायथनकडे वळावे. ठोकळ्यांत केलेलेच एखादे उदाहरण पुन्हा पायथनमध्ये लिहून घेतल्यास बदल जाणवणार नाही. सी ही भाषा टाकाऊ नव्हे. यंत्राच्या अंतरंगाचा अभ्यास करणाऱ्यास ती आजही आवश्यक आहे. परंतु तिचे स्थान पुढील इयत्तांत आहे. बेसिकचे ऐतिहासिक ऋण मान्य करूनही, जुन्या आवृत्त्या आज नव्याने शिकविण्याचे प्रयोजन उरलेले नाही.

शिक्षक, अधिकारी व पालक यांच्यासाठी

शिक्षकांनी प्रत्येक पाठाचा आरंभ संगणकाऐवजी फळ्यावर करावा. कृती मराठीत किंवा मुलांच्या बोलीत पायऱ्यांनी लिहून घ्यावी. त्यानंतर तीन विद्यार्थ्यांना उभे करून एकाच्या पाटीवर 'बेरीज', दुसऱ्याच्या पाटीवर 'वजन' लिहावे व तिसऱ्याने आज्ञा वाचून पाटीवरील आकडे बदलवावेत. वीज गेली असली तरी हा पाठ अडत नाही. नेहमी येणाऱ्या दहा-बारा दोषसंदेशांचे मराठी अर्थ लिहिलेला तक्ता संगणककक्षाच्या भिंतीवर लावावा. दोष आल्यावर प्रथम संदेशातील ओळक्रमांक वाचावयाचा, ही सवय मुलांच्या अंगी बाणवावी.

अधिकाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे की, स्क्रॅच व पायथन या दोन्ही विनामूल्य मिळतात आणि एकदा संगणकावर उतरवून घेतल्यावर इंटरनेटच्या जोडणीशिवायही चालतात. म्हणून खर्चाचा भर आज्ञावली-संच विकत घेण्यापेक्षा शिक्षकांच्या प्रशिक्षणावर व यंत्रांच्या देखभालीवर असणे हिताचे. प्रशिक्षणातही भाषेच्या नियमांइतकाच वेळ चुका शोधण्याच्या पद्धतीला दिला जावा.

पालकांना संगणकभाषा येत नसली तरी हरकत नाही. मुलाने केलेल्या आज्ञावलीतून घरचा एखादा हिशेब, मग तो दुधाचा असो, नारळांचा असो की वीजबिलाचा, करून घ्यावा आणि त्याचे उत्तर तोंडी हिशेबाशी ताडून पाहावे. यंत्राचे उत्तर तपासून घेण्याची वृत्ती मुलाला अशानेच लाभेल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. पाच दिवसांपैकी सर्वांत अधिक वजन कोणत्या दिवशी भरले, हे काढण्याची कृती मराठीत पायऱ्यांनी लिहा.
२. एके दिवशी पावसामुळे विक्री झाली नाही व वजन शून्य नोंदले गेले. सरासरी काढताना पाचाने भागावे की चाराने? दोन्ही उत्तरांचा अर्थ सांगा.
३. बेरीज शून्य मानण्याची पायरी 'पाच वेळा करा' या सूचनेच्या आत लिहिली गेली, तर शेवटी बेरीज किती येईल? प्रथम पाटीवर करून पाहा, नंतर संगणकावर.